स्वालबार्डच्या हिमनद्या आणि त्यांना पडलेली नावं

दिवस पहिला: लाँगइयरब्येन

ऑस्लोहून निघालेलं विमान मध्ये ट्रोम्सोला थांबलं, तिथे सगळ्यांना उतरवून पासपोर्ट तपासले आणि मग पुन्हा त्याच विमानात बसवलं. स्वालबार्ड म्हणजे उत्तर ध्रुवाजवळची बेटं, सत्ता नॉर्वेची, पण ती शेंगेनच्या, म्हणजे एका व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर, त्यामुळे भारतातून जाणाऱ्यांनी व्हिसा डबल एंट्रीचाच घ्यायचा, नाहीतर परत येताना पंचाईत. बरोबर माझी ताई. उभी हयात तिने शाळेत भूगोल शिकवला, फळ्यावर हिमनदीच्या आकृत्या शेकड्याने काढल्या असतील, पण हिमनदी समुद्राला मिळताना प्रत्यक्ष कधी बघितली नव्हती आणि ती बघायची हे तिने रिटायर व्हायच्या आधीपासून ठरवलेलं.

लाँगइयरब्येन ७८ अंश उत्तरेला आहे, जुलैत सूर्य मावळत नाही, रात्री अकराला खिडकीवर लख्ख ऊन. गावाचं नाव एका अमेरिकन माणसाचं, जॉन लाँगइयर, त्याने १९०६ मध्ये इथे कोळशाची खाण काढली आणि कामगारांची वस्ती बसवली. ब्येन म्हणजे गाव, म्हणजे सरळ सरळ लाँगइयरचं गाव. कंपनी पुढे दहा वर्षांनी नॉर्वेजियन लोकांना विकली, नाव मात्र तेच राहिलं. गावासमोरचा समुद्राचा फाटा तो आडव्हेंटफियॉर्डन, आणि ऐकून कुणालाही वाटेल की हे ख्रिश्चनांच्या अ‍ॅडव्हेंट सणावरून आलं असणार, पण तसं काही नाही. १६५६ च्या सुमाराला इथे अ‍ॅडव्हेंचर नावाचं इंग्लिश देवमासेमारीचं जहाज आलं होतं, त्यावरून अ‍ॅडव्हेंचर बे, आणि मग एका नकाशावरून दुसऱ्या नकाशावर उतरवता उतरवता शेपटीच गळून गेली.

ताई हे ऐकून एकदम खूश. मला म्हणाली, "अरे, इथे मुळात माणसं राहतच नव्हती ना, मग नावं ठेवणारे सगळे बाहेरचेच असणार." आणि हेच मला संपूर्ण प्रवासात पटत गेलं. ग्रीनलंडला इनुइट आहेत, उत्तर नॉर्वेत सामी आहेत, त्यांची डोंगरदऱ्यांना स्वतःची नावं आहेत. स्वालबार्डला मूळ रहिवासी कधीच नव्हते. त्यामुळे इथल्या नकाशावरचं प्रत्येक नाव कुठल्या तरी पाहुण्याने दिलेलं आहे, आणि तो कशासाठी आला होता ते बहुतेक वेळा त्या नावात कळतं. देवमाशांचं तेल काढायला, राजाला खूश करायला, कोळशासाठी, नाहीतर मोजमापं घ्यायला.

गावाच्या टोकाला पांढऱ्या अस्वलाची पाटी आहे, तिच्यापुढे बंदुकीशिवाय जायचं नाही. आम्ही पाटीजवळ फोटो काढले आणि मागे फिरलो.

दिवस दुसरा: लाँगइयरब्रेन, आणि संध्याकाळी जहाज

ब्रेन म्हणजे हिमनदी, हे एक शेपूट लक्षात ठेवलं की अर्धा नकाशा वाचता येतो. फ्येले म्हणजे डोंगर, ओया म्हणजे बेट, बुक्ता म्हणजे छोटा उपसागर.

लाँगइयरब्रेन गावाच्या वरच आहे, चालत जाता येतं, अर्थात गाईडबरोबर आणि गाईडच्या खांद्याला रायफल. सुरुवातीचा तासभर नुसते दगड, राखाडी काळे, सैल, पाय सरकवणारे, आणि ताईने मला थांबवून सांगितलं की हा हिमोढ, हिमनदीने वाहून आणून टाकलेला गाळ आणि दगड, पुस्तकात एका ओळीत संपतो तो. गाईडने काठीने दोन दगड बाजूला केले तर खाली काळपट बर्फ चकाकत होता, म्हणजे आम्ही बराच वेळ जमिनीवर नव्हतोच, दगडांचं पांघरूण घेतलेल्या बर्फावर चालत होतो.

याच हिमोढात जीवाश्म सापडतात. चपटे दगड उलटे करत बसायचं, दहा-बारा नुसते दगड निघतात आणि मग एक असा निघतो की त्यावर पान उमटलेलं आहे, मधली शीर, तिला फुटलेल्या बारीक शिरा, कडेचे दाते, सगळं तपकिरी रंगात. ताईला एक तळहाताएवढं अखंड पान मिळालं. पाच-सहा कोटी वर्षांपूर्वीचं. तेव्हा हा भूभाग बराच दक्षिणेला होता, हवा उबदार होती, इथे दाट जंगल होतं, आणि त्याच जंगलांचा पुढे कोळसा झाला. ज्या कोळशासाठी लाँगइयर आला तो कोळसा आणि ताईच्या हातातलं पान एकाच काळातलं! नॉर्वेची इथली शेवटची खाण, सात नंबरची, २०२५ मध्ये बंद झाली. म्हणजे ज्या धंद्यामुळे गावाला आणि हिमनदीला नाव मिळालं तो धंदा आता तिथे नाही.

वर पोचल्यावर बुटांना काटे लावून बर्फावर चाललो. ही हिमनदी छोटी, पातळ, तळाशी जमिनीला गोठून चिकटलेली, त्यामुळे फार हळू सरकते. पृष्ठभागावर वितळलेल्या पाण्याचे नितळ ओहोळ वाहत होते, निळ्याशार नाल्यांतून. बाटली भरून प्यायलो, दात शिवशिवले.

संध्याकाळी जहाजावर. शंभरापेक्षा कमी प्रवासी, त्यामुळे जवळपास सगळ्यांना रोज खाली उतरता येतं. आमची गाईड नॉर्वेजियन, शिक्षणाने हिमनद्यांचीच अभ्यासक, आणि जहाजाच्या छोट्या लायब्ररीत स्वालबार्डच्या गावनावांचं जाडजूड पुस्तक. नॉर्वेने १९४२ मध्ये सगळ्या देशांच्या जुन्या नकाशांतली नावं गोळा करून, कुणी, कधी, कशावरून ठेवलं याची नोंद करून ते छापलं. ताईने ते जे ताब्यात घेतलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

दिवस तिसरा: क्रॉसफियॉर्डन

रात्रभर जहाज पश्चिम किनाऱ्याने उत्तरेला जात होतं. सकाळी डेकवर आलो तर उजवीकडे एकामागून एक टोकदार सुळके. विलेम बारेंट्स हा डच माणूस १५९६ मध्ये इथे आला, त्याला हेच दिसलं आणि त्याने स्पिट्सबर्गन म्हणजे टोकदार डोंगर असं नाव ठेवलं. पुढे तीनशे वर्षं सगळ्या बेटांना मिळून स्पिट्सबर्गनच म्हणत. १९२५ मध्ये कारभार अधिकृतपणे नॉर्वेकडे आला आणि त्यांनी स्वालबार्ड हे नाव पुढे आणलं. ते आइसलँडच्या जुन्या बखरीत आहे, ११९४ सालच्या नोंदीत एवढंच की स्वालबार्ड सापडलं, म्हणजे थंड किनारा. तो किनारा हाच होता का यावर अजून वाद आहेत. पण नॉर्वेला ते नाव हवं होतं, कारण त्याने त्यांचं नातं डचांच्या आधी जातं. आता स्पिट्सबर्गन हे फक्त सगळ्यात मोठ्या बेटाचं नाव.

बारेंट्सनंतर आला जोनास पूल, इंग्लंडच्या मस्कोव्ही या व्यापारी कंपनीचा कप्तान, १६१०. या माणसाची नावं ठेवायची पद्धत मला सगळ्यात आवडली, कारण डोळ्यांना जे दिसलं तेच नाव. एका ठिकाणी शिंग सापडलं तर हॉर्न साउंड. घंटेसारखा डोंगर दिसला तर बेल साउंड. बर्फ दिसला तर आइस साउंड. एके ठिकाणी क्रूस उभारला तर क्रॉस रोड, आणि त्याचंच आजचं रूप क्रॉसफियॉर्डन. नॉर्वेने नंतर ही सगळी नावं आपल्या भाषेत करून घेतली, आइस साउंडचं इस्फियॉर्डन, वगैरे.

सकाळी झोडियाकमधून, म्हणजे त्या रबरी मोटरबोटीतून, फ्योर्टेंडे यूलीब्रेनला गेलो. नाव म्हणजे चौदा जुलैची हिमनदी, फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनावरून. शेजारच्या कड्यावर पक्ष्यांची वस्ती, त्यांच्या विष्ठेच्या खतावर कड्याला हिरवंगार गवत आणि पिवळी फुलं लोंबलेली, आणि पफिन. चोच नारिंगी, पाय नारिंगी, पाण्यावरून उडताना पंख इतके वेगाने मारतो की आत्ता पडतो की काय वाटतं.

दुपारी लिलियेहूकब्रेन. हा लिलियेहूक १८६१ च्या स्वीडिश मोहिमेतला अधिकारी. त्याच मोहिमेत ब्लोमस्ट्रांड नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता, तोही उद्या भेटणार आहे. कितीतरी हिमनद्या मिळून एक झालेली ही हिमनदी समुद्रात उतरते तिथे तिची कड जवळजवळ ७ किलोमीटर लांब आहे, अर्धगोलात पसरलेली, आणि आपण मध्ये उभे. एका नजरेत मावत नाही, मान फिरवावी लागते. मोटर बंद केली आणि गाईड म्हणाली, आता कुणी बोलू नका. बोटीभोवती तरंगणाऱ्या बर्फाच्या तुकड्यांतून बारीक तडतड चालू होती, भट्टीत लाह्या फुटाव्यात तशी. बर्फ दाबला जाताना शेकडो वर्षांपूर्वीची हवा त्यात बुडबुडे होऊन अडकते, तुकडा वितळला की ती बाहेर पडते, तो आवाज. ताईने पाण्यातून एक तुकडा उचलला, काचेसारखा पारदर्शक, आत टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे एका ओळीत, आणि कानाला लावून ऐकत बसली. हातमोजा भिजला तरी सोडेना.

मग कड कोसळली. आधी दिसतं, मग आवाज येतो, कारण आपण लांब असतो. निळा भाग उघडा पडतो, तो असा निळा की कॅमेऱ्यात कधीच नीट येत नाही. दाबून घट्ट झालेल्या बर्फात हवा कमी असते, तो लाल प्रकाश शोषून घेतो आणि निळा तेवढा बाहेर येतो. दोन-तीन मिनिटांनी लाट आमच्यापर्यंत आली, ड्रायव्हरने बोटीचं तोंड लाटेकडे करून ठेवलं होतं.

दिवस चौथा: कोंग्सफियॉर्डन

या दिवसासाठी आम्ही आलो होतो असं म्हटलं तरी चालेल.

जोनास पूल इथे आला तेव्हा त्याला हरणं दिसली आणि त्याने डिअर साउंड नाव दिलं, पण नंतर किंग्ज बे हे नाव रूढ झालं, आजचं कोंग्सफियॉर्डन, राजाचा फियॉर्ड. एकदा राजा आला म्हटल्यावर मग सगळा दरबारच आला. आतल्या टोकाला तीन पिरॅमिडसारखे डोंगर बर्फातून वर आलेत, त्यांचं नाव त्रे क्रोनर, तीन मुकुट, आणि एकेकाचं नाव स्वेआ, नोरा आणि दाना, म्हणजे स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्क. उंची बाराशे मीटरच्या आसपास. त्यांच्या पायथ्याने येणारी हिमनदी क्रोनेब्रेन, मुकुटाची हिमनदी, आणि तिच्या शेजारी कोंग्सवेगन, राजरस्ता.

या दोन शेजारणी एकमेकींना लागून समुद्राजवळ येतात आणि दोघींचा स्वभाव पूर्ण वेगळा. क्रोनेब्रेन स्वालबार्डमधल्या सगळ्यात वेगवान हिमनद्यांपैकी, दिवसाला सरासरी दोन मीटरच्या आसपास सरकते, उन्हाळ्यात त्याहून जास्त, त्यामुळे तिची कड सतत फुटलेली, वेडीवाकडी, भेगांनी चिरलेली. कोंग्सवेगन जवळजवळ थांबलेली. पण ती कायमची थांबलेली नाही. स्वालबार्डमध्ये अशा बऱ्याच हिमनद्या आहेत की वर्षानुवर्षं गप्प बसतात, वरच्या भागात बर्फ साठत राहतो, उतार वाढत जातो, आणि मग तळाशी पाणी आणि दाब यांचं गणित जमलं की एकदम धावत सुटतात. कोंग्सवेगन १९४८ च्या सुमाराला अशी धावली होती. नाथोर्स्टब्रेन म्हणून एक आहे दक्षिणेला, ती २००८ नंतर सुटली ती काही वर्षांत १५ किलोमीटरहून जास्त पुढे आली. ताईचं म्हणणं असं की शाळेत आपण हिमनदी म्हणजे हळूहळू सरकणारी नदी एवढंच शिकवतो, पण नुसतं "हळूहळू" म्हणून भागत नाही, मुलांना हे धावणं पण सांगायला पाहिजे.

कडेच्या पाण्याचा रंग विटकरी लाल होता. हिमनदी खालचा लाल खडक दळून त्याची भुकटी पाण्यात सोडते, आणि त्या लाल पाण्याच्या वर निळी पांढरी भिंत. हा रंग मी कुठल्याच फोटोत आधी बघितला नव्हता.

दुपारी ब्लोमस्ट्रांडहाल्वोया. कालचा रसायनशास्त्रज्ञ तो हा. हाल्वोया म्हणजे द्वीपकल्प. नकाशा करणाऱ्यांनी बघितलं तेव्हा मागून ब्लोमस्ट्रांडब्रेन ही हिमनदी येऊन या डोंगराला टेकली होती, त्यामुळे तो मुख्य भूमीला जोडलेलाच दिसत होता. हिमनदी मागे सरकत गेली आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मध्ये पाणी आलं, आता ते चारी बाजूंनी समुद्र असलेलं बेट आहे, आणि नाव अजून द्वीपकल्पच! आम्ही झोडियाकने त्या मधल्या पाण्याजवळ गेलो. ताईने नकाशावर बोट ठेवलं, मग समोर बघितलं, मग परत नकाशावर. पोरांना इतकी वर्षं द्वीपकल्पाची व्याख्या पाठ करायला लावली, तीन बाजूंनी पाणी, एका बाजूने जमीन, आणि इथे ती चौथी बाजू जमीन नव्हती, बर्फ होता. आमच्या गाईडचं म्हणणं असं की नाव बदलू नये, कारण आता तेच एक सांगतं की बर्फ कुठपर्यंत होता. मला हे अगदी पटलं.

तिथेच अर्नेस्ट मॅन्सफील्ड नावाच्या इंग्रजाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संगमरवराची खाण काढली आणि जागेला लंडन नाव दिलं. यंत्रं आणली, क्रेन आणली, रूळ टाकले. पण इथला दगड गोठण्या-वितळण्याने आतून तडकलेला, धंदा काही उभा राहिला नाही. गंजलेली यंत्रं अजून तशीच आहेत. १९४६ च्या आधीची कुठलीही वस्तू इथे कायद्याने वारसा धरली जाते, खिळासुद्धा उचलायचा नाही.

नी-ओलेसुंडला संध्याकाळी उतरलो. धक्क्याला लागायच्या आधीच मोबाईल, घड्याळं, सगळ्यांचं वायफाय ब्लूटूथ बंद करायला लावतात, कारण इथे मोठ्या अँटेना आहेत, फार लांबच्या ताऱ्यांसारख्या स्रोतांकडून येणारे क्षीण रेडिओ संदेश पकडून त्या पृथ्वीची मोजमापं करतात आणि एका फोननेही त्यात गोंधळ होतो. गाव १९१६ च्या सुमारास कोळशासाठी वसलं, नॉर्वेतल्या ओलेसुंड शहरावरून नवं ओलेसुंड. १९६२ मध्ये खाणीत स्फोट होऊन २१ माणसं गेली आणि पुढच्या वर्षी खाण कायमची बंद झाली, आता फक्त संशोधन. गावाबाहेर लोखंडी मनोरा आहे, त्याला बांधलेलं नोर्गे हे हलक्या वायूने तरंगणारं हवाईजहाज घेऊन आमुंडसेन, एल्सवर्थ आणि नोबिले हे ध्रुवावर जाऊ पाहणारे प्रवासी ११ मे १९२६ ला निघाले आणि उत्तर ध्रुवावरून अलास्काला गेले.

आणि हिमाद्री, भारताचं इथलं संशोधन केंद्र. एक साधं लाकडी घर, त्यावर भारताचं नाव, १ जुलै २००८ ला सुरू झालेलं. चालवते आपल्या गोव्यातली संस्था, वास्कोला आहे ती, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. आत जाता येत नाही, बाहेरूनच बघायचं. पण ७९ अंशाच्या जवळ, समोर कोंग्सफियॉर्डनचं पाणी, मागे हिमनद्या आणि मध्ये देवनागरीत वाचता येणारं नाव, ताईच्या डोळ्यात पाणी आलं आणि माझ्याही. आधी भारतीय शास्त्रज्ञ उन्हाळ्यातच यायचे, डिसेंबर २०२३ पासून हिवाळ्यातही यायला लागले, म्हणजे चार महिने सूर्य दिसत नाही त्या काळात. याच फियॉर्डच्या पाण्यात २०१४ पासून भारताने उपकरणांची एक साखळी सोडलेली आहे, इंडआर्क, समुद्राचं तापमान आणि खारटपणा मोजायला. शेजारच्या व्हेस्त्रे ब्रोगरब्रेन या हिमनदीवरही आपल्या लोकांनी मोजमापं घेतली आहेत, किती बर्फ पडला, किती गेला.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, स्वालबार्डचा करार ९ फेब्रुवारी १९२० ला पॅरिसमध्ये झाला तेव्हा ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून भारताचं नाव त्यात होतं. म्हणजे इथे राहायचा, काम करायचा हक्क आपल्याला त्या करारातून आला.

दिवस पाचवा: माग्दालेनेफियॉर्डन आणि स्मेरेनबर्ग

धुकं होतं, पाऊस भुरभुरत होता. माग्दालेनेफियॉर्डनच्या एका टोकावर ग्रावनेसेट, कबरींचं टोक, सतराव्या-अठराव्या शतकातल्या देवमासे मारणाऱ्यांच्या शंभरावर कबरी, त्याभोवती साखळी आहे, आत पाऊल टाकायचं नाही. या माणसांची नावं कुठेच नाहीत, फक्त जागेला कबरी हे नाव.

फियॉर्डच्या शेवटी वॅगनवेब्रेन, म्हणजे गाडीवाट. १८१८ मध्ये ब्रिटिश आरमाराची जहाजं इथे आली होती, त्यातल्या बीची नावाच्या अधिकाऱ्याने लिहून ठेवलंय की हिमनदीवरच्या मोठ्या भेगा गाडीच्या चाकांच्या चाकोऱ्यांसारख्या दिसतात म्हणून ते नाव पडलं. राजाचं नाही, पैसे देणाऱ्याचं नाही, बघून ठेवलेलं नाव. धुकं क्षणभर वर गेलं तेव्हा मी त्या चाकोऱ्या शोधत होतो, एका बाजूला दोन समांतर भेगा दिसल्या.

दुपारी स्मेरेनबर्ग, आम्स्टरडामोया बेटावर. स्मेर म्हणजे चरबी, चरबीचं गाव. १६१९ च्या सुमाराला डचांनी वसवलं. देवमासा ओढून आणायचा, चरबीचे तुकडे करायचे, तांब्याच्या मोठ्या कढयांत वितळवून तेल काढायचं आणि पिंपं भरून युरोपला पाठवायची, तिथे दिवे जळायचे, साबण व्हायचा. भट्ट्यांच्या जागी वाळूत अजून काळे कडक थर आहेत, चरबी सांडून वाळू आणि खडीबरोबर गोठलेली, इतक्या वर्षांनीही दगडासारखी. चाळीसेक वर्षांत देवमासे संपत आले आणि गाव ओस पडलं. वाईट वाटतं ते याचं की त्या जातीचे देवमासे या पाण्यात आज फार क्वचित दिसतात.

समोरच्या बेटावर व्हिर्गोहाम्ना. आंद्रे हा स्वीडिश माणूस हायड्रोजनच्या फुग्यातून ध्रुवावर जायला निघाला, त्याच्या १८९६ च्या जहाजाचं नाव व्हिर्गो, त्यावरून बंदर. पुढच्या वर्षी ११ जुलैला तो आणि दोन साथीदार असे तिघे उडाले आणि परत आलेच नाहीत, १९३० मध्ये क्वितोया बेटावर त्यांचे अवशेष सापडले, त्यांच्या डायऱ्या आणि फिल्मसकट. तिथे उतरायला वेगळी परवानगी लागते, आम्ही जहाजावरूनच बघितलं.

दिवस सहावा: लीफदेफियॉर्डन, मोनाकोब्रेन

बेटाच्या उत्तर टोकाला वळसा घालून आलो. लीफदे म्हणजे डच भाषेत प्रेम, बहुधा एखाद्या जहाजाचं नाव. आत खोलवर मोनाकोब्रेन, मोनाकोचा राजा आल्बेर पहिला याच्या नावाने. हा राजा समुद्राचा खरा अभ्यासक, स्वतः स्वालबार्डला चारदा आला, आणि १९०६-०७ मध्ये इसाक्सेन या नॉर्वेजियन अधिकाऱ्याने केलेल्या नकाशांच्या मोहिमेचा खर्च त्यानेच केला. पैसे देणाऱ्याचं नाव हिमनदीला, पण मला हे नाव खटकलं नाही, कारण त्या मोजमापांवर पुढचं सगळं काम उभं राहिलं.

सकाळी कप्तानाने आम्हाला ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, बोलावलं. समोर खिडकीतून पाणी, तरंगता बर्फ, आणि लांब हिमनदीची कड. शेजारच्या स्क्रीनवर नकाशा, त्यात आमच्या जहाजाची छोटी खूण, आणि ती खूण पांढऱ्या रंगावर, म्हणजे हिमनदीच्या अंगावर! जुन्या मोजमापात इथे बर्फ होता. त्या पांढऱ्या भागात खोलीचा एकही आकडा छापलेला नाही, अर्थातच, बर्फाखाली कोण मोजणार. म्हणून जहाज अगदी सावकाश, खोली मापत मापत, आणि एका मर्यादेनंतर पुढे नाहीच. ताई बराच वेळ खिडकी आणि स्क्रीन यांच्यामध्ये उभी होती. आधी मोनाकोब्रेन आणि बाजूची सेलिगरब्रेन यांचं तोंड एकच होतं, आता मध्ये खडक उघडा पडून दोघी वेगळ्या झाल्यात. आणि गंमत म्हणजे हीच मोनाकोब्रेन १९९० च्या दशकात धावत सुटली होती, त्या काळात ती पुढे आली होती.

झोडियाकमधून जवळ गेलो तर कडेच्या एका जागी शेकडो किटिवेक पक्षी गोळा झालेले, बाकी कडेला कुणी नाही. हिमनदीच्या पोटातून वितळलेलं गोडं पाणी खोल समुद्रात बाहेर पडतं, हलकं असल्यामुळे झपाट्याने वर येतं आणि येताना खोलातले छोटे जीव वर घेऊन येतं. पक्ष्यांना ते अचूक माहीत असतं. हिमनदी पार मागे जाऊन जमिनीवर चढली की हे खालून वर येणारं पाणी थांबतं, म्हणजे पक्ष्यांचं हे ताट पण जातं. बर्फ गेला म्हणजे फक्त देखावा गेला असं आपल्याला वाटतं, ते तसं नाहीये.

परतताना किनाऱ्याच्या बर्फावर लांब पांढऱ्या अस्वलाची मादी आणि पिल्लू. आता नियम कडक आहेत, जुलैपासून ३०० मीटर आणि त्याआधीच्या महिन्यांत ५०० मीटर अंतर ठेवायलाच लागतं. दुर्बिणीतून पिल्लू आईच्या मागच्या पायांजवळ लोळताना दिसलं. बोटीतलं कुणीही हू की चू केलं नाही.

दिवस सातवा: पूलेपिंटेन

परतीच्या वाटेवर प्रिन्स कार्ल्स फोरलँड या लांबट बेटाशी थांबलो. नाव इंग्लंडच्या राजपुत्र चार्ल्सचं, जो पुढे पहिला चार्ल्स राजा झाला. तिथल्या वाळूच्या टोकाचं नाव पूलेपिंटेन, म्हणजे आपला तो जोनास पूल. स्वतः शिंग, घंटा, क्रूस अशी नावं ठेवत गेला, त्याचं स्वतःचं नाव मात्र दुसऱ्यांनी ठेवलं, आणि तेही अशा जागी की जिथे वॉलरस वाळूवर एकमेकांवर रेलून पडलेले असतात. सुळे, मिशा, घोरणं, आणि वाऱ्याबरोबर येणारा उग्र वास. पूलच्या काळात सुळ्यांसाठी आणि तेलासाठी वॉलरसची सर्रास कत्तल झाली, गेल्या शतकाच्या मध्याला जेमतेम काही उरले होते, १९५२ मध्ये संरक्षण मिळालं आणि आता हळूहळू संख्या वाढते आहे.

रात्री ताईने त्या जाड पुस्तकातून आमच्या वाटेवरची नावं वहीत उतरवून घेतली, नाव, कुणी दिलं, कधी, आणि पुढे एक रकाना तिने स्वतःचा काढला, "आज तिथे काय आहे". ब्लोमस्ट्रांडहाल्वोयाच्या पुढे लिहिलं, बेट.

जाणाऱ्यांसाठी थोडं. समुद्राला मिळणाऱ्या हिमनद्या बघायच्या तर जुलै-ऑगस्ट बरा, तोपर्यंत फियॉर्डमधला समुद्राचा बर्फ बहुतेक सुटलेला असतो. छोटं जहाज घ्या. नॉर्वेच्या ध्रुवीय संस्थेचा टोपोस्वालबार्ड हा नकाशा इंटरनेटवर फुकट आहे, त्यात जवळजवळ प्रत्येक नावाची माहिती मिळते आणि १९३६ मध्ये विमानातून काढलेले फोटोही आहेत. ज्या हिमनदीला जाणार तिचा तेव्हाचा फोटो निघायच्या आधी शोधून फोनमध्ये ठेवा, आणि तिथे पोचल्यावर तो उघडून समोर धरा. नी-ओलेसुंडला मात्र फोन बंदच ठेवायचा आहे, त्या दिवसासाठी प्रिंट काढून न्या.